डोमाजीनं घेतलेलं चौथं शील

बाळापूरच्या बैलबाजारात डोमाजी दलालाला खोटं बोलताना ऐकणं म्हणजे मेजवानीच. म्हाताऱ्या बैलाला तो असा कुरवाळी, की त्या बैलालाही आपण काल-परवाचे गोऱ्हे आहोत असं वाटावं. दात झिजले असले तर 'कडबा कडक होता', पाय लंगडत असला तर 'चाल ठुमकदार हाये'. एवढ्या गुणी माणसाला भय एकच, दिव्याचं. जळत्या दिव्यापुढं त्याला खोटं बोलवत नसे. म्हणून त्याचे सौदे दिवसाउजेडीच उरकायचे, आणि त्याची बायको जाईबाई देवापुढं दिवा लावायला उठली की हा चपला शोधू लागे.

त्या वर्षी वैशाखात साळ्यानं, म्हणजे जाईबाईच्या भावानं, त्याच्याकडं एक बैल विकायला दिला. पांढराशुभ्र, वशिंड असं की पाहत राहावं. पण दुपार झाली की नांगरता नांगरता भर तासातच बसायचा. शेपूट पिरगाळा, पाया पडा, उठायचा नाही. असा बैल कोणाच्या गळ्यात बांधावा? डोमाजीला बुधाजी आठवला.

बुधाजीनं जिनिंग कारखान्यात कापसाची ओझी वाहून शेताचा एक तुकडा घेतला होता. घरी एकच बैल. जोडीला दुसरा उसना मिळेपर्यंत लोकांची पेरणी उरकलेली असायची. यंदा स्वतःची जोडी करायचीच, असं त्यानं ठरवलं होतं. आणि नेमका तोच डोमाजीला म्हणाला, "भाऊ, पुनवेले आमच्याकडं बुद्धजयंती हाये. खीर खायले या."

खिरीपुढं डोमाजीची जात फार टिकत नसे. फक्त दिवेलागणीला, जाईबाईच्या नकळत खायची, एवढंच पथ्य. बाजारात उजेडी मात्र तो जातीला पक्का. दलाल दुपट्ट्याखाली हातात हात घेऊन बोटांनी भाव ठरवतात. बुधाजीच्या वस्तीतलं गिऱ्हाईक आलं की डोमाजी लांबूनच ओरडून भाव सांगे. सारा बाजार ऐके. बुधाजी खाली मान घालून ऐके.

पौर्णिमेला डोमाजी धुतलेलं धोतर नेसून वस्तीत गेला. पांढऱ्या लुगड्यांतल्या बाया, सतरंजीवर बसलेले गडी, समोर बुद्धाची मूर्ती आणि मेणबत्त्यांची रांग. नागपूरहून आलेले भन्ते पालीतली एकेक ओळ म्हणत, मागून सगळे म्हणत. डोमाजीला कुठल्याही आरतीत गप्प बसवत नसे. त्यानं हात जोडले, डोळे मिटले आणि कळो न कळो, प्रत्येक ओळ सगळ्यांपेक्षा वरच्या पट्टीत ठोकून दिली.

मग खीर आली. वाढणारी मनकर्णा, बुधाजीची बायको. तिची जीभ तिच्या विळ्यासारखीच.

"लय जोरानं शील घेतलं जी डोमाजीभाऊ तुमी!"

"घेतलं? म्या तं आरती म्हनली!"

"आरती नाई ते. कबूल केलं तुमी. जीव मारनार नाई, चोरी करनार नाई, परस्त्रीकडं पाहनार नाई..."

"थे म्या तसंही करत नाई."

"...अन् चवथं, खोटं बोलनार नाई."

डोमाजीला ठसका लागला. "पहिले काहून नाई सांगतलं व माय?"

"मले वाटलं, धंदा सोडून राहिले तुमी!"

बुधाजी हसून हसून आडवा झाला. डोमाजी मात्र मेणबत्त्यांकडं पाहत राहिला. एक नाही, अख्खी रांग होती.

घरी जाईबाई दिवा घेऊनच दारात उभी. "कुठी जेवले?"

"बुधाजीकडं. तीन वाट्या."

जाईबाईनं त्याला अंगणातच बसवून डोक्यावर दोन घागरी रिकाम्या केल्या. वर विचारलं, "विलायची होती का खिरीत?"

बाजाराच्या दिवशी पांढरा बैल, बाजूला साळा, समोर बुधाजी.  डोमाजीच्या तोंडातून खऱ्याशिवाय काही निघेना!

"रंग पांढरा हाये," तो म्हणाला. "शिंगं दोन हायेत."

"थे दिसून राहिलं भाऊ. दुपारून कसा चालते, सांगा. माही पेरनी याच्यावर हाये."

साळ्यानं कोपर मारलं. डोमाजीनं आभाळाकडं पाहिलं. ऊन रखरखीत, दिवा कुठंच नव्हता. तरी जीभ वळेना.

"दुपारून बसते," तो म्हणाला. "बसला का उठत नाई. याले नको घेऊ गा."

साळा दावं ओढत, डोमाजीच्या सात पिढ्यांची नावं घेत निघून गेला. दिवाळीपर्यंत जाईबाईचं माहेर डोमाजीला बंद झालं, ही त्यातली खरी बातमी.

डोमाजीनं मग बुधाजीला बाजारभर फिरवलं. एक भुरा, बुटका, दिसायला अगदी सामान्य बैल दाखवला. "हा मरेस्तोवर वढीन." बुधाजीला पटला. सवयीनं तो चार पावलं मागं सरकून, मान खाली घालून भाव ऐकायला उभा राहिला.

डोमाजीनं खांद्यावरचा दुपट्टा काढला. आजूबाजूचे दलाल पाहत होते.

"लांब काहून उभा हायेस? आन ना हात."

"इथं? लोकं पाहून राहिले, भाऊ."

"पाहू दे. भाव काय साऱ्या गावाले ऐकवाचा हाये?"

बुधाजीनं हात पुढं केला. दुपट्ट्याखाली बोटं बोटांना लागली. दोन्ही हातांना घाम फुटला होता. कोणाचा जास्त, ते दुपट्ट्याखाली कोणाला दिसणार?