उशिरा म्हटलेलं ‘आता’

मी रोह्याच्या एका शाळेत विज्ञान शिकवते. मुलांना छोटे इलेक्ट्रॉनिक बोर्ड जोडायला, त्यांत प्रोग्रॅम भरायला शिकवते, आणि हे कुणाला सांगताना माझा आवाज जरा चढतो, हे मला ठाऊक आहे. माझी धाकटी बहीण पेणला पोह्यांचे पापड करते. बारावीला गणितात राहिली, परत बसली नाही. आई तिच्याकडेच राहते. माझ्याकडे येते ती पिशवीत दोन साड्या घालून, पाहुण्यासारखी.

तर या बहिणीने पापड वाळवायचं कपाट बनवलं. पावसाळ्यात पापडांना बुरशी धरते, म्हणून जुन्या लोखंडी कपाटात तिने जाळीचे ट्रे बसवले, खाली बल्ब, मागे पंखा. बल्ब-पंखा कधी चालू, कधी बंद, हे ठरवायला बोटाएवढा एक बोर्ड. प्रोग्रॅम मोबाईलवरचे व्हिडिओ बघून तिनेच लिहिला. मला एकदाही विचारलं नाही. माझ्या पोटात पहिल्यांदा दुखलं ते याचसाठी.

श्रावणातल्या एका रविवारी मी पेणला गेले, तेव्हा आई शेजारणीला कपाट दाखवत होती. “धाकटीनं केलंय. डोकं हाय तिला.” शेजारीण माझ्याकडे वळून म्हणाली, “तुम्ही पण शाळेत असंच काय काय करता ना?” असंच काय काय! वीस वर्षं मी हेच शिकवत आले होते.

आमच्या घरची एक रीत आहे. नव्या घाण्यातला वाळलेला पहिला पापड आई गॅसवर भाजते आणि एकीलाच देते, चव सांगायला. लहानपणी तो माझा असायचा. कधीपासून तो बहिणीकडे गेला, ते नेमकं आठवत नाही. त्या दिवशीही तिलाच मिळाला, मग दुसरा मला. मी म्हटलं, “मीठ जास्त झालंय.” मीठ बेताचंच होतं.

जेवणं झाल्यावर बहीण हिंग आणायला बाजारात गेली, आई आडवी झाली. मी बहिणीचा लॅपटॉप उघडून तिचा प्रोग्रॅम वाचला. गबाळा होता, पण बरोबर होता. चूक सापडली असती तर मी शांतपणे चहा पीत बसले असते. सापडली नाही, म्हणून मी स्वतःचा नवा लिहिला. पापडांत ओल किती उरली ते बघून पंखा कमी-जास्त करणारा. आईला म्हणायचं होतं, बघ, आता खरं कपाट झालं. न तपासता तो बोर्डात भरला. आधी तपासा, हे मी मुलांना घसा कोरडा होईस्तोवर सांगते.

पंखा थांबला, बल्ब विझले. लॅपटॉपला बोर्ड दिसेनासाच झाला. केबल काढून लावली, लॅपटॉप बंद करून चालू केला. काही नाही. आमच्या शाळेतल्या बोर्डांना असं होत नाही, त्यांच्यात कॉम्प्युटरशी बोलायला वेगळी चिप असते. हिच्या बोर्डात सगळं एकच चिप करते, आणि माझ्या चुकीमुळे ती प्रोग्रॅममध्ये एकाच जागी गरगर फिरत बसली होती. हे मला नंतर कळलं. तेव्हा वाटलं, बोर्ड मेला.

ट्रेंमध्ये नवा घाणा ओला होता. गणपतीच्या मूर्ती न्यायला माणसं पेणला येतात आणि जाताना पापड नेतात, तिचा खरा धंदा याच दिवसांतला. संध्याकाळपर्यंत कपाट चाललं नाही तर सगळा माल टाकून द्यावा लागणार होता.

बहीण परतली. “बंद कसं पडलं?”

“लाइट कमी-जास्त झाली,” मी म्हटलं. “बोर्ड जळला वाटतं.”

तिचा चेहरा उतरला, आणि लपवू कशाला, ते बघून मला बरं वाटलं.

आई उठून आली. “आता काय करायचं गो?” हे तिने बहिणीला विचारलं, मला नाही.

बहिणीने बोर्ड नाकाशी नेला. “जळल्याचा वास नाय.” मग बराच वेळ मोबाईलमध्ये डोकं घालून बसली. माझ्याकडे पाठ करून लॅपटॉप उघडला, त्यात काहीतरी बघितलं, आपला जुना प्रोग्रॅम काढला आणि लॅपटॉप माझ्यापुढे सरकवला.

“ताई, बोर्डाचे हे दोन पाय दोनदा पटकन एकमेकांना टेकवले का बोर्ड आठ सेकंद जागा होतो म्हणे. तेवढ्यात प्रोग्रॅम घुसवायचा. अपलोड सुरू झालं का तू ‘आता’ म्हण.” तिने केसांतली पिन काढली आणि कपाटात वाकली. तिथून तिला स्क्रीन दिसत नव्हता.

स्क्रीनवर अपलोड सुरू झालं. मी गप्प बसले. मनात दहा मोजले आणि मग म्हटलं, “आता.”

लाल अक्षरं आली. जमलं नाही.

“उशीर झाला का?”

“तुझी पिन नीट टेकली नसेल,” मी म्हटलं.

ती पिन पदराला पुसून पुन्हा वाकली. आईने एक पापड उचलून बोटांनी चाचपला. “चिकटाय लागले,” ती स्वतःशीच म्हणाली. ते पापड आईने लाटलेले होते. तिचा हात उजवीकडे जास्त दाबतो, म्हणून तिच्या पापडाची एक कड नेहमी पातळ असते. मला त्या कडांची दया आली, बहिणीची नाही. दुसऱ्या वेळी मी वेळेवर “आता” म्हटलं.

पंखा फिरला. बल्ब लागले.

“कुणी केलं?” आईने विचारलं.

“ताईनं,” बहीण म्हणाली. “ती होती म्हणून झालं.”

संध्याकाळी आईने त्या घाण्यातला पहिला पापड भाजला आणि माझ्या हातात दिला. “थोरलीच कामाला आली बघ.” मी नको म्हणायला हवं होतं. मी तो सगळा खाल्ला. चव छान होती, तसं सांगितलं.

बहीण मला एसटी स्टँडवर सोडायला आली. रोह्याची गाडी लागल्यावर म्हणाली, “ताई, तुझा नवा प्रोग्रॅम मी पुसला नाय. वर तुझी सही नि तारीख हाय, मुलांच्या वहीत घालतेस तशी. चांगला हाय तो. चूक कुठं हाय तेवढी बघून पाठव.”

म्हणजे तिला सगळं ठाऊक होतं. मी पहिल्यांदा उशिरा “आता” म्हटलं त्याच्या आधीपासून. नागोठणं येईपर्यंत मी खिडकीबाहेर बघत होते आणि मला तिचा, तोवर कधी वाटला नव्हता एवढा हेवा वाटत होता. मन मोठं करणंसुद्धा तिलाच जमत होतं.

चूक मला दुसऱ्याच दिवशी सापडली. एका ओळीची होती. प्रोग्रॅम मी अजून पाठवलेला नाही.