महागाईच्या बाजूचा माणूस

आमच्या ह्यांना बसवत नाही. जेवायला बसले तरी एक गुडघा वर आणि नजर दाराकडे. शालिग्रामभाऊ म्हणून पांडेसऱ्यातली सगळी गल्ली ओळखते त्यांना, पण ओळखते ती चालताना. अमळनेरकडून लग्न करून मला सुरतेला आणलं तेव्हापासून मी या माणसाला 'जरा टेका' म्हणतेय. मुलगा गजेंद्र मोठा झाला, कामरेजला वेगळा राहायला गेला, सून आली, तरी माझं तेच चालू आहे.

काम रंगाच्या मिलमध्ये. कापड उकळत्या रंगातून काढायचं आणि वाफ अंगावर घ्यायची. संध्याकाळी घरी येऊन नाक शिंकरलं की आज मिलमध्ये कुठला रंग चालला होता ते मला कळायचं. पहिली मिल चांगली होती, कायमची नोकरी होती. ती बंद पडली आणि फंडाचे दोन लाख रुपये एकदम हातात आले. एवढी रक्कम या घराने कधी पाहिली नव्हती. हे लगेच दुसऱ्या मिलमध्ये ठेकेदाराकडे लागले, आणि पैसे कुठे ठेवायचे या विचाराने तीन आठवडे घरभर येरझाऱ्या घातल्या. माझं डोकं फिरायची वेळ आली होती.

ते दोन हजार तेरा-चौदाच्या सुमाराचं सांगते. सरकारने तेव्हा महागाईशी जोडलेले बचतीचे बॉन्ड काढले होते. बँकेतल्या साहेबाने ह्यांना अर्ध्या गुजरातीत, अर्ध्या हिंदीत समजावलं, दोढ टका, म्हणजे दीड टक्का, फिक्स आणि वर जितकी महागाई तितकं. दहा वर्षांनी सगळं एकदम मिळणार. हे तरंगत घरी आले. पिशवीत पावशेर घारी, सुरतेची ती मिठाई, आणि तीही तुपातली.

आता टक्का म्हणजे काय, ते आमच्याकडे कोणाला शिकवावं लागत नाही. भिशीत, कापड मार्केटात, लूमच्या गल्लीत, कोणी 'दोन टक्के' म्हणालं की ते महिन्याचे. शंभराला महिन्याला दोन रुपये. वर्षाचाही टक्का असतो ही गोष्ट आमच्या गल्लीत कोणाच्या कानावरून गेलेली नाही. ह्यांनी दीड टक्का ऐकला तो महिन्याचा. म्हणजे वर्षाला अठरा, आणि वर महागाई वेगळी. तिथेच घोळ झाला, पण तो कळायला दहा वर्षं जायची होती.

त्या दिवसापासून हा माणूस महागाईच्या बाजूला गेला. खरं सांगते, अख्ख्या पांडेसऱ्यात टमाटे महागले म्हणून खूश होणारा एकच इसम होता आणि तो माझ्या नशिबी आला. मी बाजारातून कावून यायची, की कांद्याला हात लावायची सोय राहिली नाही, आणि हे विचारायचे, कितीला झाला, नक्की ना? डोळे असे चमकायचे की लाटणं फेकून मारावंसं वाटायचं. महिन्याच्या मध्याला बातम्यांत महागाईचा आकडा यायचा, तेव्हा जेवण अर्धं टाकून टीव्हीपुढे जाऊन उभे. आकडा खाली आला की दिवसभर तोंड सुतकी. आणि कहर म्हणजे भाजीवाल्याशी घासाघीस करायची सोडून दिली. मी म्हटलं, तुम्ही मेथीची जुडी महाग घेतली म्हणून सरकार तुमच्या खात्यात जास्त टाकणार आहे काय? तर म्हणाले, सगळ्यांनी महाग घेतली तर टाकावंच लागेल. घ्या आता. या माणसापुढे कपाळ बडवायचं तर कपाळ किती पुरणार?

पण मी फार ओरडत नव्हते, कारण मलाही आशा लागली होती. ह्यांचा खोकला वाढला होता. आधी थंडीत, मग बारमाही. जिना चढताना मध्ये थांबायचे आणि वरच्या मजल्याकडे बघत असल्याचं सोंग करायचे. डॉक्टरांनी छातीचा फोटो काढला, तोंडात नळी धरून फुंकायला लावलं, आणि मला आत बोलावून सांगितलं की फुप्फुसं निम्म्यावर आली आहेत, आता वाफेत एक वर्षही काढायचं नाही. मिल सोडायची. मी बाहेर येऊन ह्यांना तेच सांगितलं. हे म्हणाले, बॉन्ड पिकू दे, त्याच दिवशी सोडतो.

त्यांच्या मनात दुकान होतं. वडोद गावाकडे वळणाऱ्या रस्त्याला एक गाळा, त्यात खानदेशी किराणा. दादर ज्वारी, कळण्याचं पीठ, काळा मसाला, आपल्या लोकांना लागतं ते सगळं. गाळ्याची पागडी आणि माल मिळून सहा लाखांच्या घरात जात होतं. ह्यांच्या हिशेबाने बॉन्डचे त्याहून जास्त येणार होते. गाळामालकाला शब्द देऊन आले. रोज मिलमधून सुटले की त्या गाळ्यापुढून एक चक्कर, शटर बंद असलं तरी. मला एकदा नेलं आणि कुठे बसायचं, पोती कुठे लावायची ते हवेत हात करून दाखवलं. मला तेवढ्याने रडू आलं. तुम्ही हसाल, पण नवऱ्याचा श्वास रात्रंदिवस कानाने मोजणाऱ्या बाईला बंद शटरसुद्धा देवळासारखं वाटतं.

आणि मग ह्यांनी आपल्या स्वभावाप्रमाणे केलंच. बॉन्ड पिकायला पंधरवडा असताना ठेकेदाराला सांगून मोकळे झाले की मी चाललो. बरोबरच्या लोकांनी निरोपाचा नारळ दिला, भटू नावाचा ह्यांचा जोडीदार आहे त्याने पेढे वाटले. मी म्हटलं, अहो, पैसे हातात तरी येऊ द्या. म्हणाले, सरकारचा शब्द आहे, काही मार्केटातल्या दलालाचा नाही.

पैसे आले. सरकारने शब्द पाळला. पासबुकात तीन लाख ऐंशी हजारांच्या आसपासचा आकडा पडला.

हे ते पासबुक घेऊन घरी आले आणि येरझाऱ्या सुरू झाल्या. घरातून ओट्यावर, ओट्यावरून घरात. कोणीतरी मधल्यामध्ये खाल्ले, एवढंच पुटपुटत होते. मग मीच सोनालीला, म्हणजे आमच्या सुनेला, फोन केला. ती एका शाळेच्या ऑफिसात हिशेब बघते. सुट्टी टाकून कामरेजहून आली आणि सासऱ्यांना घेऊन बँकेत गेली. मला नेलं नाही, बरं झालं. ऐकलं ते असं, की हे बँकेत इतक्या मोठ्याने बोलले की शिपाई जवळ येऊन उभा राहिला. नव्या साहेबांनी पाणी दिलं, खुर्ची दिली आणि शांतपणे सांगितलं, काका, दीड टक्का होता तो वर्षाचा. बँकेत टक्का वर्षाचाच असतो.

घरी आल्यावर सोनालीने परत समजावलं. पोरगी हुशार आहे, पण हुशारी अंगावर फेकत नाही. म्हणाली, पप्पा, या बॉन्डमध्ये पैसे वाढत नाहीत, टिकतात. देशभरातल्या भावांवरून सरकार एक आकडा काढतं. धान्य, तेल, कपडे, भाडं, सगळ्याचा मिळून. तो जितका चढला तितके तुमचे पैसे चढवले. दहा वर्षांपूर्वी दोन लाखांत जेवढा घरखर्च भागला असता, तेवढाच आज भागेल. दीड टक्का तेवढा वरचा, तुमचा नफा तो. मधे भाव फार चढले त्या साली जास्त जमा झालं, उतरले त्या साली कमी. पण चढलेल्या सालीही तुमच्या हातात काही जास्त आलं नाही, कारण बाजारही तितकाच चढला होता.

हे ऐकत होते. पोराला गणित चुकल्यावर बसवतात तसे बसले होते. मग त्यांनी विचारलं की गाळ्याचं काय. सोनालीने पासबुक मिटलं. मग तिने हळूच विचारलं, पप्पा, दहा वर्षांपूर्वी दोन लाखांत तो गाळा आला असता का?

नाही, म्हणाले.

मग समजावायचं राहिलंच काय होतं? दहा वर्षं टमाट्याच्या भावावर नाचलेला माणूस भिंतीकडे बघत राहिला. मला आधी राग आला, बँकेचा, मार्केटातल्या टक्क्याचा, ह्यांचा. मग तो राग विसरला, कारण ह्यांच्या चेहऱ्यावर मला पुढचं दिसत होतं. सोनाली सांगत होती की गाळा नको, घराच्याच ओट्यावर लहान सुरुवात करू, गजेंद्र थोडी भर घालेल. हे हो हो म्हणत होते. हा माणूस इतक्या लवकर हो म्हणाला की समजावं, ऐकलेलंच नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी म्हणाले, गाळामालकाला नाही म्हणून येतो. गेले. दुपार झाली तरी पत्ता नाही. फोन उचलेनात. मी दोनदा कोपऱ्यापर्यंत जाऊन आले, भाकरी तव्यावर करपली, शेजारीण काय म्हणाली ते कानात शिरलं नाही. मग भटूचा फोन आला. वहिनी, भाऊ मिलमध्ये परत आलेत, म्हणाला. ठेकेदाराने घेतलं, पण आधीच्यापेक्षा कमी रोजावर, आणि वाफेच्या मशीनवर. तुम्हाला सांगू नको म्हणालेत.

मी चप्पल कुठली घातली ते आठवत नाही. मिलच्या गेटवर पोहोचले तेव्हा जेवणाची सुट्टी झालेली होती, माणसं भिंतीच्या सावलीत डबे उघडून बसली होती. हे एकटे उभे होते, भिंतीला हात टेकून, खोकत. हातांना कोपरापर्यंत लाल रंग. मला पाहिलं आणि चोरी पकडल्यासारखे झाले. आमच्या घरातल्या बोलीत, अगदी हळू म्हणाले, "आते काय करानं, गजूनी माय?" आता काय करायचं. सहा लाख पुरे करायला अजून चार-पाच वर्षं काढतो म्हणाले, मग दुकान नक्की.

मला वाटलं होतं मी चार लोकांत ओरडेन. तयारीही तशीच करून गेले होते. पण आवाज निघाला तो वेगळाच.

"त्या दोन लाखांना सरकारने दहा वर्षं झिजू दिलं नाही," मी म्हटलं. "भाव चढले तसे त्यांनाही चढवलं. ते होते तेवढे परत आले. तुम्हाला कोणी जपलं? तुम्ही निम्मे झालात. आता उरलात तेवढे तरी मला द्या."

भटूने डबा झाकला. आजूबाजूचे लोक दुसरीकडे बघायला लागले. हे माझ्याकडे बघत राहिले, मग स्वतःच्या हातांकडे. आत जाऊन कोणाला काय सांगितलं ते मला माहीत नाही, पण बाहेर आले ते शर्ट बदलून. रिक्षा करू म्हटलं तर नको म्हणाले. रस्त्यात दोन ठिकाणी थांबले, आणि या वेळी वरच्या मजल्यांकडे बघत असल्याचं सोंग केलं नाही. मी पाठीवर हात ठेवून उभी राहिले. येणारे-जाणारे बघत होते, बघू देत.

दुकानाचं अजून काही ठरलेलं नाही. हे रोज नवा बेत काढतात, आज ओट्यावर मसाला, उद्या चलथाणला गुळाची एजन्सी. पैसे बँकेतल्या साध्या खात्यात पडून आहेत. सोनाली दर रविवारी फोन करून बजावते की मम्मी, आता ते जोडलेले नाहीत, कुठेतरी लावा, महागाई रोज त्यातलं थोडं थोडं खातेय. मी म्हणते, पैसेच खातेय ना, खाऊ दे थोडे दिवस.