डेन्मार्कच्या राजाचं विसर्जन

इंग्लंडमध्ये, मेडनहेडला आमच्या शेजारी एक डॅनिश आजी राहायच्या. शाळेतून निवृत्त झाल्या होत्या, पण लोकांच्या चुका काढणं काही सोडलं नव्हतं. माझाही स्वभाव तोच, त्यामुळे आमचं जमलं.

त्यांच्या घराण्यात एक पुस्तक चालत आलं होतं. डेन्मार्कचा एक राजा वारला तेव्हा त्याच्या अंत्यविधीला धर्मगुरूनं केलेलं प्रवचन, छापखाने नवे होते त्या काळात छापलेलं. अशा प्रती फार थोड्या उरल्यात, असं आजी सांगत. केअर होममध्ये जायचं ठरलं आणि घर रिकामं करायला माणसं येऊ लागली, तेव्हा त्यांनी ते माझ्या हातात ठेवलं. ईस्टरला कोपनहेगनहून भाची येईल, ती तिथल्या लायब्ररीला देईल. तोवर तू सांभाळ, दुसऱ्या कुणावर माझा भरवसा नाही, म्हणाल्या. मी शब्द दिला. पोथी ठेवतात तसं तांबड्या कापडात बांधून कपाटात वर ठेवलं.

केअर होममध्ये खोली मिळेपर्यंत त्या शेजारीच होत्या. दुपारी चहाला आल्या की एखादं पान इंग्रजीत सांगत. राजा आजारी कसा पडला, कुणाकुणाला जवळ बोलावलं, काय खावंसं वाटलं. ते मी पुण्याला फोन करून सासूबाईंना मराठीत सांगे. हृदयाच्या दुखण्यामुळे त्यांचं बाहेर पडणं बंद झालं होतं.

नवरा डॉक्टर. माझ्या संकष्टीची टिंगल करणारा. पुस्तक कशाचं ते कळल्यावर म्हणाला, "म्हणजे गरुडपुराणच की! कुणी गेल्याशिवाय घरात काढत नाहीत ते." आम्ही दोघंही हसलो.

मार्चमध्ये सासूबाईंना हॉस्पिटलमध्ये ठेवावं लागलं. रजा मिळत नाही म्हणून नवरा गेला नाही. अँजिओप्लास्टी होऊन त्या घरी आल्या. त्याच आठवड्यात आजींची भाची येणार असं कळलं, म्हणून मी कपाट उघडलं, तर तांबडं कापड नीट घडी घालून ठेवलेलं. पुस्तक नाही.

"थेम्समध्ये सोडलं," नवरा चहा ढवळत म्हणाला. "बिनमध्ये नाही टाकलं हं. प्रॉपर विसर्जन केलं. फुलं वाहिली, नमस्कार केला."

मला वाटलं, गंमत करतोय.

"आई आयसीयूत, आणि आपल्या घरात फ्युनरलचं पुस्तक! आईला भीती वाटत होती. तिनंच सांगितलं मला. तिच्या पीस ऑफ माइंडसाठी केलं. आणि झाली ना ती बरी?"

लोका सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण! मला एका शब्दानं बोलला असता तर मी पुस्तक बर्मिंगहॅमच्या मैत्रिणीकडे ठेवून आले असते. त्यानं माझ्या पाठीमागे माझा शब्दच पाण्यात सोडला होता. आणि सासूबाई? माझ्याकडून आवडीनं ऐकायच्या आणि मुलाला हे सांगायच्या? मायलेकांनी मिळून केसानं गळा कापला, असं वाटून मला रडूच आलं.

मी पुण्याला फोन लावला, मुद्दाम स्पीकरवर. मी तोंड उघडायच्या आत त्याच बोलल्या. आवाज अजून बारीक होता.

"बरं झालं गं फोन केलास. हॉस्पिटलात सारखं मनात येत होतं, त्या राजाचं पुढे काय झालं? त्याचा मुलगा पोचला का वेळेवर?"

नवरा चमचा ठेवून फोनजवळ आला.

"आई, तुम्हाला भीती नाही वाटली त्या पुस्तकाची?"

"कसली भीती? या वयात तेच तर ऐकावंसं वाटतं. फक्त मी हे ऐकते ते त्याला सांगू नकोस हो. लहानपणापासून भित्रा आहे तो."

नवऱ्यानं फोनकडे हात नेला. मी फोन उचलून घेतला.

"राजाला तुमच्या मुलानं नदीत बुडवलं, आई," मी म्हणाले.

खिडकीतून शेजारचं दार दिसत होतं. आता तिथे जाऊन हेच वाक्य मला इंग्रजीत म्हणायचं होतं.