इन्सुलिनची घासाघीस

आमच्या वेस्लाकोच्या दवाखान्यात डॉक्टर फक्त गुरुवारी येतात. बाकीचे दिवस आजारी पडायचं नाही, असा जणू टेक्ससचा कायदाच! मी इथली नर्स; दवाखान्याच्या कारभाऱ्यांसमोर टेबलं बडवली, त्यांचं डोकं उठवलं, तेव्हा कुठे डॉक्टर विलालोननी लेखी मुभा दिली. मधुमेहवाल्यांचं औषध आता आखून दिलेल्या मर्यादेत आमची फार्मासिस्ट झुलेमाच कमी-जास्त करणार.

आणि पहिल्याच सोमवारी आमच्या बाईसाहेब काउंटरमागे लटपटताहेत!

समोर डॉन तेओफिलो, आमचा अ‍ॅकॉर्डियनवाला. मागच्या लग्नात पोल्का वाजवताना साखर उतरली आणि हा गडी थेट नवरीच्या केकवर. आता शनिवारी सख्ख्या नातीचा पंधरावा वाढदिवस. सुनेनं बजावलेलं, पुन्हा पडणार असाल तर वाजवायला दुसरा माणूस आणते.

"इन्सुलिनचे दहा युनिट उतरव पोरी, मी कोक सोडतो."

"डॉन तेओफिलो, ही काय टरबुजं आहेत?"

"बरं, आठ. गोड पावपण सोडला, जा!"

"वाजवायच्या आधी जेवता का?"

"भरल्या पोटावर पेटी नीट बसत नाही. नंतर बार्बाकोआचं मांस असतंच की फुकटचं."

"म्हणजे सकाळी सुई टोचायची आणि रात्रीपर्यंत उपाशी?" झुलेमाची लटपट पळाली, पारा चढला. "चार युनिट कमी. रोज बोट टोचून मला आकडा कळवायचा. आणि पेटी गळ्यात घालण्याआधी टॉर्टिया-राजमा खायचा, माझ्यासमोर!"

"सहा कर."

"चार!"

"नदीपलीकडच्या, मेक्सिकोतल्या औषधवाल्यानं सहा दिले असते," म्हातारा फणकारला आणि गेला.

तरी हिनं डॉक्टरांना फोन लावलाच. ते हसत सुटले. "मर्यादेत आहे ना? मग मला कशाला विचारतेस? मुभा काय भिंतीवर टांगायला दिली?"

शनिवारी डॉन तेओफिलोनं झुलेमा आणि सून, दोघींच्या पहाऱ्यात ताट चाटूनपुसून साफ केलं. तिसऱ्या पोल्कानंतर झुलेमा चमकीचा झगा सावरत मंचावर चढली आणि त्याचं बोट टोचलं. यंत्रावरचा आकडा बघून म्हातारा माइकमध्ये गरजला, "एकशे अडतीस!"

अख्खा हॉल लॉटरी लागल्यासारखा उसळला. सुनेनं त्याच्या टकलावर पापा दिला, नातीनं त्याला मिठी मारली, आणि पुढचा पोल्का असा सुटला की माझी एक चप्पल पाहुण्यांत कुठेतरी गेली. झुलेमा मला गरागरा फिरवत ओरडत होती, "चार म्हटलं होतं ना मी? चारच!"