देवराव पेंटरचे पूल

नवा माणूस भेटला की पेंटरमामा आधी त्याच्या नावातली पोटं मोजायचे. मला म्हणाले होते, “बबन? दोन ब! गड्या, तू जरा उशिरा मर. लय कापायला लागंल.”

मामांचा धंदा पत्र्यात अक्षरं कापायचा. सांगलीतल्या हळदीच्या पोत्यांवर व्यापाऱ्यांची नावं त्यांच्याच पत्र्यांतून उमटायची, आणि आमच्या चौकातल्या काळ्या फळ्यावर मेलेल्यांची. पत्रा ठेवायचा, पांढऱ्या रंगाचा बोळा मारायचा, की झालं. ‘व’ किंवा ‘ब’ कापताना पोटातला तुकडा गळून पडू नये म्हणून मध्ये पत्र्याची बारीक पट्टी ठेवावी लागते. मामा तिला पूल म्हणायचे. त्या पुलांमुळे त्यांची जाडजूड अक्षरं जागोजागी तुटलेली दिसत. पूल विसरणाऱ्याला ते चारचौघांत सोलून काढायचे.

अक्षर एवढं ठसठशीत का, विचारलं तर म्हणायचे, “एसटीतनं जाणाऱ्याला वाचता याला पायजे. मेलेला काय उतरून सांगणार हाय?”

मग फ्लेक्स आले. गॉगल लावून हसणारे मृत चौकात टांगले जाऊ लागले. मामा बघायचे आणि म्हणायचे, “वरातीला निघाल्यागत दिसतोय.” फळा रिकामा राहू लागला. त्यात काचबिंदूनं मामांचे डोळे नेले.

एक दिवस त्यांनी मला बोलावून वर्तमानपत्रात गुंडाळलेला पत्रा हातात दिला.

“माझं नाव हाय. फळ्यावर मार. मला फ्लेक्सवर हसवू नगंस.”

“आवं मामा, एवढी घाई?”

“हात हायत तवर कापलं. आता उघडू नगंस.”

परवाच्या पावसाळ्यात मामा गेले. त्यांचा भाचा फ्लेक्स सांगायला निघाला होता, त्याला मी अडवलं. फळा पुसला, पुडकं सोडलं. ‘देवराव’. दोन्ही ‘व’ची पोटं गायब. जन्मभर पुलांवरून जगाला शिव्या घालणारा माणूस स्वतःच्या नावात पूल ठेवायला विसरला होता.

पुडक्याच्या घडीत दोन छोटे तुकडे निघाले, गळून पडलेली पोटं. म्हणजे मामांना कळलं होतं. जमिनीवर चाचपडून त्यांनी ते शोधले असणार. दुसरा पत्रा कापायची ताकद नव्हती, आणि चुकलं हे सांगायची त्याहूनही नव्हती.

भाचा हार आणायला गेला होता. मी दोन्ही तुकडे जागेवर बसवले, डाव्या हाताच्या दोन बोटांनी दाबून धरले आणि उजव्या हातानं बोळा मारला. पत्रा उचलला, तुकडे मुठीत घेतले. नाव सलग उमटलं होतं, कुठेही न तुटता.

भाचा हार घेऊन आला आणि फळ्याकडं बघत राहिला.

“हे मामाचं वाटत न्हाई. पूल कुठं हायत?”

मी रंगानं माखलेली मूठ खिशात घातली. तुकडे मुठीतच होते.

“मामानंच कापलंय,” मी म्हणालो. “हार घाल.”