माझ्याविरुद्धची तक्रार

बारामतीत एका शाळेत तीस वर्षं खेळाची बाई होते. निवृत्त झाल्यावर घरात माझं कुणाशी पटेना, तेवढ्यात मला एका देखरेख समितीवर घेतलं. आईबाप नसलेली मुलं सरकार ज्या घरांत सांभाळायला देतं, त्या घरांवर नजर ठेवायची आणि एखाद्या मुलाची तक्रार आली तर जाऊन ऐकायची, असं काम. त्यांना म्हणे तिऱ्हाईत माणूस हवं होतं. कुणाच्या नात्यातलं नको, कुणाच्या पार्टीतलं नको. आमच्या भागात असं माणूस मिळणं मुश्कील, म्हणून मी.

शेळगावच्या एका वस्तीवर नऊ-दहा वर्षांची मुलगी दिलेली होती. तिनं शाळेच्या तक्रारपेटीत वहीचं पान टाकलं. "मला हितनं न्या." एवढंच. मी आदल्या दिवशी रीतसर फोन करून गेले. अंगण झाडलेलं, मुलीच्या अंगावर नवा फ्रॉक, चुलीवर रस्सा. घरमालकाला सगळे तात्या म्हणत, मीही म्हणाले. जेवण झालं. निघताना त्यांच्या बायकोनं मला पाटावर बसवलं आणि खणानारळानं ओटी भरली. सवाष्ण पहिल्यांदा घरी आली की भरतातच, आणि तिला कुणी नको म्हणत नाही. मी पदर पसरला. ओटीचं ताट धरून ती मुलगी शेजारी उभी होती. कुंकू लावून घेता घेता मी तिला सगळ्यांदेखत विचारलं, "काय गं, बरी आहेस ना इथं?"

"व्हय," ती म्हणाली.

मी अहवालात लिहिलं, "मूल आनंदी आहे." खाली माझी सही.

चार महिन्यांनी दुसरं पान आलं. वाक्य तेच, पण पेन्सिल इतकी दाबलेली की कागद फाटलेला. ते पान तीन महिने फायलीतच पडून राहिलं. माझ्या हातात आलं त्या दिवशी मी फोनबिन केला नाही. स्कूटर काढली आणि भर दुपारी वस्तीवर गेले.

आवाज आधी ऐकू आला. गोठ्यात तात्या ठिबकची काळी नळी घेऊन उभे होते आणि मुलगी गव्हाणीला धरून पाठमोरी. डेअरीला जायचा दुधाचा कॅन तिच्या हातून सांडला होता. नळी पोटरीवर बसली की कातडी आधी पांढरी पडायची, मग लाल रेघ उठायची, मग रेघेतून रक्त. खाली जुन्या रेघा होत्याच, काही सुकलेल्या, काही पिकलेल्या. दारात बायको तांदूळ निवडत बसली होती. शाळेत माझी छडी बसली की पोरं बोंबलायची. ही हूं की चूं करत नव्हती.

मी काय केलं ते जसंच्या तसं सांगते. समजावलं नाही, फोटो काढला नाही, पोलिसांना फोन लावला नाही. नळी हिसकावली आणि तात्यांच्या तोंडावर ओढली. एकदा गालावर, एकदा कानावर. कान फाटला. ते गव्हाणीत कोसळले, आणि मला बरं वाटलं. अगदी आतून बरं वाटलं. मग मुलीला स्कूटरवर मागं बसवलं आणि थेट इंदापूरला दवाखान्यात नेलं.

आठव्या दिवशी सुनावणी लागली. मुलीच्या तक्रारीची नव्हे, तात्यांनी माझ्याविरुद्ध केलेल्या तक्रारीची. सदस्येनं घरात घुसून मारहाण केली, मूल पळवून नेलं. मुलीची दोन पानं सात महिने धूळ खात होती, तात्यांच्या कानाला एक आठवडा पुरला. माझी भेट बेकायदा ठरली तर मुलगी परत त्याच गोठ्यात जाणार होती. मला माझ्या पदाची काडीची फिकीर नव्हती.

बारामतीच्या कार्यालयात तात्या कानाला पट्टी बांधून आले. "बसा तात्या," अध्यक्ष म्हणाले. मला कुणी बसा म्हणालं नाही. तात्यांनी माझाच अहवाल टेबलावर ठेवला. "ह्यांनीच लिवलंय साहेब, मूल आनंदी हाय म्हणून. पायाचं म्हणाल तर उसात खेळती, पाचटानं कापतं." माझीच सही माझ्यापुढं होती.

मुलीला आत बोलावलं.

"बाईंनी तात्यांना मारलं?" अध्यक्षांनी विचारलं.

"व्हय. नळीनं. दोन."

संपलं सगळं, असं मला वाटलं.

"नीट आठव. दोनच?"

"दोनच. मला मोजाया येतं. माझं मलाच मोजाया लावत्यात. रडलं की परत एकपासनं."

लिहिणारा कारकून थांबला. "हे लिहायचं का साहेब?"

अध्यक्षांनी त्याला हातानंच थांब अशी खूण केली. मग तिला म्हणाले, "बाई पहिल्यांदा आल्या तेव्हा का नाही सांगितलंस?"

ती माझ्याकडं न बघता म्हणाली, "बाईंनी ओटी घेतली. ताट माझ्याच हातात व्हतं."

मला धरणी पोटात घेईल तर बरं, असं झालं.

"लिहा," अध्यक्ष म्हणाले.

म्हणजे तिची तक्रार पहिल्यांदा कागदावर आली ती माझ्याविरुद्धच्या तक्रारीत. तिला परत पाठवलं नाही, तात्यांवर गुन्हा दाखल झाला. मला त्याच दुपारी समितीवरून काढलं. मी न भांडता सही केली.

बाहेर व्हरांड्यात ती बाकावर बसली होती. वसतिगृहाच्या ताई तिला न्यायला येणार होत्या. मला भरून आलं, म्हणून तिच्या डोक्यावरून फिरवायला मी हात उचलला. ती झटक्यात बाकाखाली गेली. दोन्ही हात डोक्यावर, कोपरं कानांशी घट्ट. माझा हात तसाच वर राहिला. थोड्या वेळानं तिनं कोपराच्या फटीतून बघितलं. मीच आहे हे तिनं ओळखलं, तरी ती बाहेर आली नाही.

"तुमी बी लई जोरात मारता, बाई," ती म्हणाली.