परतलेल्या प्रवाशाला आलेला फोन

उतारवयात लेखणी धरली, तीही ज्यांचे नाव कधी विचारले नाही अशा गृहस्थांविषयी लिहायला. वाचकांनी क्षमा करावी. दुबईच्या देरा भागातल्या एका कचेरीत ते विमानाची तिकिटे काढून देतात. युरोपला निघालेल्या प्रत्येकाला ते पँट गुडघ्यापर्यंत वर करून दाखवतात, "जंगलात फिरलात की इथे मागे बघा. गोचीड चिकटते. लाइम डिसीज होतो, साहेब."

गावचे तिकीट काढायला आलेला एक रत्नागिरीकर हसला, "गोचिडी आमच्या म्हशींना."

"म्हशी जर्मनीला जात नाहीत, हबीबी," ते शांतपणे म्हणाले.

त्यांच्याकडूनच तिकीट काढून मी जर्मनीला गेलो, तिथल्या जंगलातही फिरलो. परतल्यावर दोन आठवड्यांनी त्यांचा फोन आला. "अंगावर लाल चट्टा?"

मांडीवर होता. गजकर्ण समजून मी मलम लावत होतो. संकोचाने "नाही" म्हणालो.

"वहिनींना फोन द्या."

पत्नीने सगळे सांगून टाकले.

"मलम खलास. तो चट्टा गोचिडीचा असणार. आजच डॉक्टर. जंगलात फिरलो हे आपणहून सांगा. हा आजार इथला नाही, त्यांना सुचणार नाही."

औषध वेळेत सुरू झाले. तरीही एक विचारतो: माझ्या जागी तुम्ही त्यांना पहिल्याच प्रश्नाला खरे सांगितले असते का?